छपरावरच्या दांड्या

ज्या नगराचे वय अजून साठीला पोचलेले नाही, त्याच्या इतिहासावर बोलावयास उभे राहणे थोडे धाडसाचे आहे. पुण्याला पेशवाई आहे, ठाण्याला किल्ला आहे, आणि खाडीपलीकडच्या मुंबईला तर साऱ्या जगाचा इतिहास चिकटलेला आहे. नव्या मुंबईला काय आहे? १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली ठाण्याच्या खाडीवरचा पहिला रस्त्याचा पूल खुला झाला, मग इमारती उठल्या. एवढ्यात आमचा इतिहास आटोपतो असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. इतिहास दगडातच असतो असा काही कायदा नाही. तो अर्ध्या इंचाच्या ॲल्युमिनियमच्या नळीतही असू शकतो.

आमचा विषय ती नळी आहे. १९७२ नंतरची वीस-बावीस वर्षे आमच्या चाळींच्या, इमारतींच्या आणि गावठाणातील कौलारू घरांच्या माथ्यावर धातूच्या दांड्यांचे एक रान उगवले होते. वाऱ्यावरून येणारे चित्र पकडण्यासाठी उभारलेल्या त्या अँटेना. त्यांतल्या कित्येक बाजारच्या नव्हत्या, घरच्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांना त्या आठवत असतील. तरुणांनी त्या जुन्या छायाचित्रांत पाहिल्या असतील. त्या कोणी बनवल्या, कशा बनवल्या, आणि ज्या हातांना चित्र पकडण्याची विद्या आली त्यांना चित्र पाठविण्याची परवानगी का मिळाली नाही, हे आम्ही आज सांगणार आहोत. शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण त्याकडे जाण्याची वाट छपरावरून जाते, म्हणून आधी छपरावर चढू.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ पासूनच चालू होते. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगनगरीला तेरा वर्षे वाट पाहावी लागली. वरळीला सुमारे तीनशे मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. त्याच्या आसपास त्या काळी गिरण्यांच्या चिमण्या होत्या आणि त्या चिमण्यांखाली लाखो माणसे राबत होती. वर्षभराने सिंहगडावरून पुण्यालाही चित्र दिसू लागले. पण पूर्वेला, खाडीच्या अलीकडे, म्हणजे आमच्याकडे, परिस्थिती मोठी विचित्र होती.

त्या वेळचा हा मुलूख डोळ्यांसमोर आणा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने १९६० नंतरच्या दशकात रासायनिक कारखाने उभे राहिले होते. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, कोपरखैरणे या गावांत आगरी आणि कोळी माणसे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत होती. सिडकोने संपादनासाठी पंचाण्णव गावांची जमीन नेमली होती. वाशीच्या पहिल्या इमारतींत कारखान्यांतले फिटर, वेल्डर, कारकून नुकते राहावयास आले होते. पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकची डोंगररांग, आणि दोहोंच्या मध्ये आम्ही. वरळीचा मनोरा वाशीपासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरच्या आत. एवढे अंतर लहरींना काहीच नव्हे. तरी चित्र धड येत नसे.

याला कारण भूगोल. नेरूळ आणि बेलापूर यांच्या व वरळीच्या मध्ये ट्रॉम्बेची टेकडी आडवी येते. दूरदर्शनच्या लहरी दिव्याच्या प्रकाशाच्या बहिणी. त्या साधारणपणे सरळ जातात. टेकडीच्या माथ्यावरून थोड्याफार वाकून उतरतात, पण पोचतात त्या दमलेल्या. तळोजाकडची गत आणखी वाईट, कारण तिथे खारघरचा डोंगरच पाठ फिरवून उभा. वाशी-कोपरखैरण्याला टेकडीचा अडथळा कमी, पण तिथे दुसरेच दुखणे होते, ज्याला आम्ही भूत म्हणत असू. त्या भुताचा हिशेब पुढे मांडतो. आधी अँटेना म्हणजे काय ते पाहू, कारण तिच्या जन्मकथेत आमच्यासारख्या माणसांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट दडलेली आहे.

विजेच्या लहरी हवेतून धाडता येतात हे जर्मनीत हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास दाखविले. त्याने वापरलेल्या धातूच्या दोन दांड्या हीच जगातली पहिली अँटेना म्हणावयाची. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात लहरींनी घंटा वाजवून दाखविली. पण आमच्या छपरावर होती ती जात निराळी. मध्ये एक उभा आडवा दांडा, त्याला काटकोनात जोडलेल्या चार-पाच दांड्या, एक सर्वांत लांब, बाकीच्या क्रमाने आखूड; माशाचा काटाच जणू. हिला जगभर यागी अँटेना म्हणतात. हिदेत्सुगु यागी हे जपानातील सेन्दाई येथील तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक होते. मात्र दांडी कापून, मागेपुढे सरकवून, मोजमाप घेऊन ही रचना ज्याने सिद्ध केली तो माणूस यागी नव्हता. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणारे शिन्तारो उदा यांनी ते केले. उदांनी आपले काम १९२६ साली जपानी भाषेत छापले. यागींनी १९२८ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात इंग्रजीत लेख लिहिला. पेटंट यागींच्या नावाने निघाले. त्यांनी आपल्या लेखात उदांचा उल्लेख केला होता, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पण जगाने लक्षात ठेवला तो इंग्रजीतला लेख आणि पेटंटावरचे नाव.

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही कथा ऐकून नवल वाटत नाही. यंत्रावर सुधारणा सुचवितो मशिनिस्ट, आणि अहवालावर सही होते दुसऱ्याची. असो.

या कथेला एक कडू शेपूट आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा जपानी सैन्याच्या हाती एका ब्रिटिश सैनिकाची टिपणवही लागली. तीत यागी हा शब्द पुनःपुन्हा येत होता आणि जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. अखेर कैद्यालाच विचारले, तेव्हा कळले की ते त्यांच्याच देशातील प्राध्यापकाचे नाव! घरची विद्या परक्यांनी वापरून जुनी केली तरी घरी पत्ता नव्हता. हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बना जमिनीपासूनची उंची सांगणारी जी उपकरणे होती, त्यांवरही याच जातीची अँटेना होती.

आणि आता आपल्या देशाशी जुळणारा धागा. हेच शिन्तारो उदा १९५५ ते १९५८ या काळात युनेस्कोच्या वतीने नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तज्ज्ञ म्हणून काम करीत होते. ज्या माणसाच्या दांड्या पुढे आमच्या लक्षावधी छपरांवर चढल्या, तो तीन वर्षे आमच्या राजधानीत राहून गेला. शाळेच्या पुस्तकात आम्ही मार्कोनी वाचला. उदांचे नाव आम्हांस चाळिशी उलटल्यावर, रद्दीच्या दुकानातल्या एका पुस्तकात सापडले.

आता अँटेना बनवू. गणित सोपे आहे, सातवी शिकलेल्या माणसाला जमेल असे. लहर सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धावते. म्हणून तीनशे या आकड्याला केंद्राच्या मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. त्याच्या निम्मी, किंबहुना निम्म्याहून किंचित कमी, ती मुख्य दांडीची लांबी. मुंबई केंद्रासाठी ही दांडी दोन मीटरांहून थोडी अधिक भरे. म्हणजे माणसाने हात उंच केला की बोटांपर्यंत जेवढी उंची होते तेवढी. मुख्य दांडीला केसात लावायच्या आकड्यासारखी वाकवून दुहेरी करीत, आणि तिच्या दोन तोंडांना चपटी वायर जोडीत. तिच्या मागे, वरळीच्या विरुद्ध अंगाला, शेकडा पाच एवढी लांब दांडी; ती परतवणारी. पुढच्या अंगाला शेकडा पाच-पाच आखूड होत जाणाऱ्या एक, दोन, तीन दांड्या. त्या वाट दाखविणाऱ्या. या मागच्या-पुढच्या दांड्यांना वायर लागत नाही. त्या नुसत्या उभ्या असतात आणि शेजारच्या दांडीचे काम वाढवितात. आलेली लहर त्यांच्यात वीज उत्पन्न करते, ती वीज स्वतःची लहर सोडते, आणि लांबी नेमकी असेल तर या सर्व लहरी मुख्य दांडीवर एका तालात येऊन पडतात. एका दोराला पाच जणांनी एकाच हाकेवर हात घालावा तसे. हाक चुकली तर पाच जण असूनही दोर हलत नाही. लांबी चुकली तर पाच दांड्या असूनही पडद्यावर मुंग्या.

मुंग्या हा त्या काळचा शब्द. लहर दुबळी असली की पडदाभर पांढरे-काळे ठिपके वळवळत, त्यांना घरोघर मुंग्या म्हणत.

आमचे वडील अशाच एका कारखान्यात होते. त्या पिढीतल्या माणसांकडे पैसा नव्हता, पण हत्यारे होती आणि हात होते. संच विकत घेण्यातच कित्येक महिन्यांचा पगार जाई, तोही बहुधा सोसायटीच्या कर्जावर. मग अँटेनेसाठी आणखी खर्च कोण करणार? एका घरी बाजारची अँटेना आली की तिचे माप शिंप्याच्या टेपने घेतले जाई आणि आठ दिवसांत त्या इमारतीवर तिच्या चार बहिणी उभ्या राहत. नळ्या तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून वजनावर. चपटी वायर आणि जोडणीचे डबे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. काठी म्हणून कोणाकडे पाण्याचा लोखंडी पाइप, गावात बांबू. ज्याच्याकडे काहीच नसे तो सायकलची रिम टांगून पाही, किंवा जर्मनची परात बांधी. परातीने चित्र सुधारते अशी ठाम समजूत होती. कधी सुधारेही, पण ते परातीच्या गुणाने, की परात बांधताना काठी चार बोटे फिरली म्हणून, हे सांगणे कठीण.

खरे कौशल्य दोन ठिकाणी लागे. पहिले सांध्यात. खाडीचे खारे वारे आणि कारखान्यांचा आम्लाचा धूर या दोहोंत तांब्याची तार ॲल्युमिनियमवर नुसती पिळली तर पावसाळ्यापर्यंत सांधा पांढऱ्या भुकटीने भरून जाई आणि चित्र नाहीसे होई. दोन भिन्न धातू, मध्ये खारट ओल, म्हणजे एक लहानशी बॅटरीच, आणि त्या बॅटरीत ॲल्युमिनियमचा बळी. रासायनिक कारखान्यात देखभालीचे काम करणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नसे. तो रोज पंपांच्या आणि झडपांच्या सांध्यांवर हेच पाहत होता. म्हणून तो सांध्याला ग्रीस भरी, वर डबी बसवी, डबीचे तोंड खाली ठेवी म्हणजे पाणी साचू नये. ज्या अभियंत्यांनी बाजारच्या अँटेना आखल्या त्यांना आमच्या खाडीचा वारा ठाऊक नव्हता. घरची अँटेना बाजारच्यापेक्षा जास्त टिके, ती या कारणाने.

दुसरे कौशल्य भुताला पकडण्याचे. भूत म्हणजे पडद्यावर प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला उभी राहणारी त्याची फिकट सावली. निवेदिका एक, दिसायच्या दोन. लहर सरळ आली ते खरे चित्र; तीच लहर पुढे जाऊन डोंगरावर आपटून परत आली ते भूत. उशिरा आली म्हणून उजवीकडे सरकलेली. आता हिशेब पाहा. पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे काढली जाते ती सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे बावन्न भागांत. पडदा चाळीस सेंटिमीटर रुंद धरला तर एका भागात किरण पाऊण सेंटिमीटर चालतो. तेवढ्याच वेळात लहर तीनशे मीटर धावते. समजा, पारसिकचा डोंगर तुमच्या घरापासून तीन किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन सहा किलोमीटर, म्हणजे वीस भाग, म्हणजे पडद्यावर पंधरा सेंटिमीटर. पट्टी घेऊन भुताचे अंतर मोजले की ते कोणत्या डोंगरावरून किंवा इमारतीवरून येते हे घरबसल्या सांगता येई. आमच्या इमारतीत इन्स्ट्रुमेंट विभागातले एक मिस्त्री होते, ते खरोखरच तसे सांगत. पट्टी लावीत, डोळे मिटून पुटपुटत आणि म्हणत, "हे डोंगराचं नाही, हे पाण्याच्या टाकीचं."

डोंगराच्या भुतावर उपाय मागच्या दांडीचा. ती पाठीमागून येणाऱ्या लहरीला आडवी होते. म्हणून वाशीत मागे एकाऐवजी दोन-तीन दांड्या, एकीखाली एक, लावण्याचा प्रघात पडला. कोणी तर मागे तारेची जाळीच ताणी. नेरूळ-बेलापूरकडे उलट. तिथे भुतापेक्षा दुबळेपणा मोठा, म्हणून पुढच्या दांड्या वाढवीत आणि काठी उंच करीत. एकाच शहरात दोन सेक्टरांच्या अँटेना वेगळ्या घडणीच्या होत्या. बाहेरून येणाऱ्याला ते दांड्यांचे रान सारखेच दिसे. जाणत्याला त्यावरून डोंगर कुठे आहे ते कळे.

दिशा लावणे हा मात्र सामुदायिक समारंभ. एक जण छपरावर, एक जिन्यात, एक खिडकीत, एक संचापुढे. "काका, थोडं डावीकडे! आली, आली... गेली! पुन्हा मुंग्या!" हा निरोप चार तोंडांतून वर पोचेपर्यंत काका आणखी वीत भर फिरलेले असत. रविवारी संध्याकाळी चित्रपटाच्या आधी साऱ्या सेक्टरात हीच हाकाटी. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी अर्धी इमारत. 'छायागीत'ला मुले पुढे, बायका मागे, पुरुष दारात. 'आमची माती आमची माणसं' गावठाणात आवडीने पाहत, आणि 'कामगार विश्व' आम्ही पाहत असू.

पावसाळ्यात काठ्या वाकत, घारी दांडीवर बसून ती तिरकी करीत, संक्रांतीला मांजा अडके. यातले काही हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. लोखंडी पाइप उभा करताना तो जवळच्या विजेच्या तारेला लागून माणसे दगावण्याचा धोका नेहमीचा होता. खाली रबरी बूट, हातात कोरडी दोरी, आणि पाइपाच्या दुप्पट अंतरात तार नसावी, हे नियम कारखान्यातल्या सुरक्षेच्या फलकावरून छपरावर आले.

येथे एका मोठ्या प्रयोगाचा उल्लेख केला पाहिजे, म्हणजे ही सगळी अडाण्यांची खटपट होती असा कोणाचा ग्रह होणार नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारतीय अवकाश संशोधन संस्थेने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांना थेट चित्र दाखविले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारी ती लहर पकडण्यासाठी अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री बनविली, आणि ती कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. लहरीच्या मानाने भोके लहान असली की जाळी आणि पत्रा सारखेच, आणि जाळी वाऱ्याला धरत नाही. वाशीच्या छपरावर जाळी ताणणारा फिटर आणि अहमदाबादचा शास्त्रज्ञ एकाच निष्कर्षाला पोचले होते. फरक एवढाच की एकाच्या जाळीवर प्रबंध लिहिले गेले.

आता कायद्याकडे येतो. १८८५ च्या तार कायद्याने या देशातील तारा आणि पुढे बिनतारी संदेशही सरकारच्या मक्त्यात गेले. १९३३ च्या बिनतारी कायद्याने साधा ग्राहक संच बाळगण्यासही परवाना लागू लागला. आम्ही लहान होतो तेव्हा दूरदर्शनसंचाचा परवाना पोस्टात जाऊन नवा करावा लागे. १९८५ साली ही कटकट गेली. पण लक्षात घ्या, परवाना संचाला होता. छपरावरच्या दांड्यांची लांबी मोजावयास कोणी आले नाही. चित्र घेण्यासाठी तुम्ही काय वाटेल ते उभारा, सरकारची हरकत नव्हती. पाठविण्याचा विचार मात्र करावयाचा नाही.

आणि गंमत अशी की अँटेनेला स्वतःला हा भेद कळत नाही. जी दांडी घेते तीच देते. त्याच लांबीची, त्याच दिशेची, त्याच ताकदीने. हे भौतिकशास्त्र आहे, घोषणा नव्हे. वाशीच्या छपरावरील प्रत्येक घरगुती अँटेना पाठविण्यास तेवढीच लायक होती. खालच्या टोकाला जोडावयाचे यंत्र तेवढे निराळे.

ते यंत्र याच मुंबईत एकदा जोडले गेले होते. २७ ऑगस्ट १९४२ रोजी, नेते तुरुंगात असताना, ४२.३४ मीटर लहरीवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्यात उषा मेहता होत्या, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी होते, बाबूभाई खाकर होते. यंत्रसामग्रीसाठी शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांचे साहाय्य होते. पोलिसांच्या गाड्या लहरीचा माग काढीत फिरत आणि हे लोक ठिकाण बदलीत. त्या लहरीची निम्मी लांबी एकवीस मीटर. दाट वस्तीत एवढी तार लपविणे म्हणजे काय, ते ज्याने छपरावर दोन मीटरची दांडी बसविली आहे त्यालाच कळेल. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. स्वातंत्र्य आल्यावर ज्या कायद्यांखाली हे प्रक्षेपण बेकायदा होते ते कायदे जागच्या जागी राहिले. सरकार बदलले, कुलूप तेच.

या कुलपाची किंमत आम्ही कशी मोजली ते दोन सालांवरून सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झाले आणि वर्षअखेर दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी देशभर रंगीत संचांची झुंबड उडाली. वरळीच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी गिरण्या बंद पडलेल्या, आणि मनोऱ्यावरून रंग येत होते. संपकऱ्याच्या तोंडून त्याची बाजू सांगणारे केंद्र संपकऱ्यांपाशी नव्हते. त्यांच्यापाशी पत्रके होती आणि गेटसभा होत्या. पुढे त्यांतले पुष्कळ जण खाडी ओलांडून आमच्या बाजूला मिळेल ते काम करण्यास आले. दुसरे साल १९८४. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यातील जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. आमच्या छपरावरच्या दांड्या वरळीकडे रोखलेल्या होत्या. त्या जासईकडे फिरवून उपयोग नव्हता, कारण जासईहून काही पाठविले जात नव्हते.

दिल्लीत या प्रश्नावर समित्या बसल्या. १९६६ साली चंदा समितीने आकाशवाणी व दूरदर्शन यांना स्वायत्त करा म्हटले, १९७८ साली वर्गीज समितीने तेच अधिक विस्ताराने म्हटले, १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला आणि तो अमलात आला १९९७ साली. मधल्या काळात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या एका दाव्यात निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मिरास नव्हे. वाचून आम्हांस आनंद झाला. क्रिकेटमुळे का होईना, झाले. मालमत्ता जनतेची ठरली. आता जनतेपैकी कोणाला ती वापरू देणार, एवढाच प्रश्न उरला. २००६ साली सामुदायिक नभोवाणीची दारे शिक्षणसंस्थांपलीकडे स्वयंसेवी संस्थांना उघडली, तेव्हा नियमांत कोणास परवाना मिळणार नाही त्याचीही यादी दिली. त्या यादीत राजकीय पक्ष आहेत आणि पक्षांशी संलग्न अशा विद्यार्थी, महिला आणि कामगार संघटना आहेत, नावानिशी. आता या देशातल्या कामगार संघटना कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या सावलीत वाढल्या हे उघड आहे. त्याचे गुणदोष हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय. परंतु उद्योगपतीच्या मालकीच्या वाहिनीला मालकाच्या मताची अडचण येत नाही, आणि कामगाराला त्याच्या संघटनेच्या मताची येते, हा न्याय आम्हांस समजलेला नाही. शिवाय हे झाले आवाजाचे. चित्र पाठविण्यासाठी असा सामुदायिक परवाना अजून निघालेलाच नाही.

छपरावरचे रान मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहत थांबले नाही. १९९१ च्या आखाती युद्धात उपग्रहाच्या छत्र्या आल्या, १९९२ च्या ऑक्टोबरात झी वाहिनी आली, आणि गल्लीतल्या कोणी तरी एक मोठी छत्री बसवून घरोघर वायर ओढली. महिन्याला वर्गणी द्या, भूत नाही, मुंग्या नाहीत. पाच-सहा वर्षांत दांड्या भंगारवाल्याकडे परत गेल्या, ज्या वजनावर आल्या त्याच वजनावर. अँटेना बनविणारे हात अजून होते, पण त्यांना काम नव्हते. आणि त्याच सुमारास कारखान्यांतही कायम कामगारांच्या जागी कंत्राटी भरती होऊ लागली होती; जो देखभाल विभाग सांध्याला ग्रीस भरण्याची विद्या शिकवीत होता तोच उठला. या दोन गोष्टींचा संबंध जोडणे कोणाला ओढाताण वाटेल. आम्हांस वाटत नाही. घरी जोडकाम करणारा माणूस कारखान्यातच तयार होत होता. २०२२ पर्यंत प्रसार भारतीने जमिनीवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण देशात बहुतेक सर्वत्र बंद केले. मनोरा वरळीला उभा आहे.

तरी ही विद्या अगदी नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या वापरासाठी परवान्यातून मुक्त केला. तिथे लहर साडेबारा सेंटिमीटरची. मुख्य दांडी सहा सेंटिमीटरची, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. पत्र्याच्या डब्याची, तांब्याच्या तारेची, सायकलच्या आऱ्यांची अँटेना करून एका इमारतीतले चित्र दुसऱ्या इमारतीत नेणारी मुले आता आहेत. ताकदीची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे, त्यामुळे अंतर थोडेच. पण या पट्ट्यात घेणे आणि पाठविणे दोन्ही होते.

मागच्या वर्षी घणसोलीच्या एका कंत्राटी कामगाराच्या मुलाने आम्हांस अशी एक अँटेना दाखविली. आईस्क्रीमच्या काडीवर तांब्याच्या तारेचे सात तुकडे, नखाएवढ्या अंतरांवर चिकटवलेले. मापे त्याने स्वतः काढली होती आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा जमली होती. आम्ही त्याला विचारले, ही रचना कोणाची, माहीत आहे का? तो म्हणाला, "हो काका, यागीची." मग आम्ही त्याच्या वहीत, त्या नावाच्या शेजारी, उदांचे नाव लिहून दिले.